ले दियाबोलिक (१९५५): प्रेत सापडावं म्हणून आपल्यालाच देव पाण्यात घालून बसवणारा सिनेमा

तिसरी घंटा

जुन्या ब्लॅक अँड व्हाइट सस्पेन्स सिनेमांचा विषय निघाला की गाडी हिचकॉकपाशी जाऊन थांबते, त्यात वावगं काही नाही, पण त्याच काळात फ्रान्समध्ये आन्री-जॉर्ज क्लूझो नावाचा माणूस काय करून बसलाय ते फार कमी जणांनी बघितलंय असं मला सारखं वाटतं, म्हणून हा धागा. सिनेमा ले दियाबोलिक, साल १९५५, लांबी दोन तासांना थोडी कमी. शेवट मी वर फोडणार नाही. खाली प्रतिसादात ज्यांना त्यावर बोलायचंय त्यांनी आधी ठळक इशारा द्या प्लीज, कारण सिनेमा संपल्यावर पडद्यावर चक्क एक पाटी येते की तुम्ही जे बघितलंत ते मित्रांना सांगून त्यांची मजा घालवू नका. तेवढा मान राखूया.

गोष्ट अशी. मुलांची एक निवासी शाळा, पडकी, ओलसर, सगळीकडे पोपडे उडालेले. शाळा खरं तर क्रिस्तिनाच्या पैशावर चाललेली, पण कारभार सगळा तिच्या नवऱ्याच्या हातात, मिशेल देलासाल. हा माणूस कंजूष आहे, क्रूर आहे आणि त्यात त्याला आनंद मिळतो. त्याच शाळेतली शिक्षिका निकोल ही त्याची उघड उघड प्रेयसी, आणि पहिल्यांदा दिसते तेव्हाच तिच्या डोळ्यांवर काळा चष्मा आहे कारण त्याने तिलाही मारलंय. म्हणजे बायको आणि प्रेयसी एकमेकींच्या जिवावर उठायच्या ऐवजी एकाच माणसाच्या माराने एकत्र आलेल्या. आणि दोघी मिळून ठरवतात की याला संपवायचा.

सुरुवातीची दोन मिनिटं नीट बघा. श्रेयनामावली चालू असताना मागे नुसतं गढूळ पाणी दिसतं, ते शाळेचा पोहण्याचा तलाव आहे हे नंतर कळतं. मग डबक्यात सोडलेली एक कागदी होडी आणि तिच्यावरून जाणारं मिशेलच्या गाडीचं चाक. माणूस कसा आहे ते संपलं सांगून. त्यानंतर जेवणाच्या खोलीतला प्रसंग, शिळी मासळी मुलांना वाढलेली, कुणाच्या घशाखाली उतरत नाहीये, आणि मिशेल सगळ्यांच्या देखत क्रिस्तिनाला तो घास गिळायला लावतो. तिथे ना चाकू आहे ना पिस्तूल, फक्त एक बाई तोंडात घास धरून बसलीये आणि सगळी खोली तिच्याकडे बघतेय. मला विचाराल तर अख्ख्या सिनेमातला सगळ्यात हिंसक प्रसंग हाच.

खुनाचा बेत साधा आहे. सुट्टीत दोघी निकोलच्या निऑर गावातल्या घरी जातात, तिथून क्रिस्तिना फोन करून घटस्फोटाची भाषा करते म्हणजे हा चवताळून येणार, आला की दारूत गुंगीचं औषध, मग न्हाणीघरातला टब. ऐन वेळी क्रिस्तिना कच खाते, त्याला पिऊ द्यायचं नाही असं तिच्या मनात येतं आणि तेवढ्यात तो तिच्यावर हात उचलतो. पुढे ती ओतते. दिग्दर्शकाने इथे आपल्यालाही गुन्ह्यात ओढलंय, कारण त्या क्षणी तिने ओतावं असं आपल्याला वाटत असतं.

मग येतो पाइपचा आवाज. वरच्या मजल्यावर भाडेकरू जोडपं रेडिओवरचा कार्यक्रम ऐकत बसलंय आणि खालून टब भरल्याचा आवाज जुन्या नळांतून घरभर घुमतो, म्हाताऱ्याची चिडचिड होते की ही काय आंघोळीची वेळ आहे. बस एवढंच. पण टबात काय चाललंय हे आपल्याला माहीत आणि त्यांना माहीत नाही, आणि आवाज तर थांबत नाही. या सिनेमात सुरुवात आणि शेवट सोडला तर पार्श्वसंगीत नाही, हे पहिल्यांदा बघताना लक्षातसुद्धा येत नाही. दाराची कुरकुर, पाण्याची टपटप, वेताच्या पेटाऱ्याचा कचकच आवाज, मुलांचा गलका, यावरच सगळं तोललंय. आता घाबरायचं आहे असं सांगणारं व्हायोलिन कुठेच नाही त्यामुळे आपण सतत कान टवकारून बसतो.

पेटारा गाडीत घालून रातोरात शाळेत आणायचा, तलावात ढकलायचा, पाय घसरून बुडाला असं वाटेल, काम फत्ते. आणि इथून सिनेमा खरा सुरू होतो. कारण प्रेत वर येत नाही. दिवस जातात, तलावावर पालापाचोळा तरंगतोय, दोघी खिडकीतून बघतायत, काही नाही. एरवी अशा गोष्टीत खुनी माणसाला भीती कसली असते तर प्रेत सापडण्याची. इथे उलटं. इथे दोघींनाच ते लवकर सापडायला हवंय आणि ते सापडत नाहीये. शेवटी काहीतरी निमित्त काढून तलाव उपसायला लावतात, पाणी खाली खाली जातं, तळाचा चिखल दिसायला लागतो आणि तलाव रिकामा. मला हा सिनेमा एवढा मोठा वाटतो तो या एका उलटापालटीसाठी. धक्का वगैरे शेवटी आहेच, पण मधला तासभर आपण खुनी बायकांच्या बाजूने बसून त्यांच्या बळीचं प्रेत सापडावं म्हणून प्रार्थना करत असतो, आणि हे आपल्याकडून कधी करून घेतलं ते कळतही नाही.

त्यापुढचं सांगत नाही. मिशेलच्या अंगावर होता तोच सूट लाँड्रीतून धुऊन येतो एवढं सांगतो आणि थांबतो.

कामं सगळ्यांचीच जबरदस्त. सिमोन सिन्योरेची निकोल, खिशात हात, ओठात सिगरेट, एकही हालचाल वाया न घालवणारी. व्हेरा क्लूझो म्हणजे दिग्दर्शकाची खरी बायको, तिची क्रिस्तिना दोन वेण्या घालून लहान मुलीसारखी दिसते आणि हृदय कमजोर असल्याने जिना चढतानाही धापा टाकते. पॉल म्युरिसचा मिशेल आवाज न चढवता अंगावर काटा आणतो.

जरूर बघा आणि इथे लिहा.

निशाचर

सुंदर लिहिलंय. मी बघितलाय आणि आवडलाय पण एक गोष्ट खटकली ती सांगतो. पहिला पाऊण तास मला संथ वाटला. शाळेतले ते बाकीचे दोन मास्तर, त्यांचं जेवणावरून कुरकुरणं, मुलांच्या खोड्या, भाडेकरूंचा संवाद, यातलं निम्मं कापलं असतं तरी गोष्ट तीच राहिली असती. आजच्या प्रेक्षकाला तिथपर्यंत थांबवणं अवघड आहे, मी ज्यांना ज्यांना सुचवला त्यातल्या बऱ्याच जणांनी खून होण्याआधीच बंद केला.

तिसरी घंटा

निशाचर, मला उलट वाटतं हो. तो कापला असता तर पुढचं काहीच उभं राहिलं नसतं. शाळा म्हणजे सतत डोळे असलेली जागा, प्रत्येक कोपऱ्यात एखादं पोरगं, प्रत्येक खिडकीत कुणीतरी. मास्तर लोक फुकटचे नाहीत, पुढे दोघींना प्रत्येक प्रश्नाला साधं उत्तर द्यावं लागतं, मुख्याध्यापक कुठे गेले, कधी येणार, आणि विचारणारे हेच लोक असतात. त्यांची कुरकुर आपण आधी ऐकलेली असते म्हणून त्यांचा साधा प्रश्नसुद्धा टोचतो. शिवाय घाणीचा मुद्दा आहे. शिळे मासे, गढूळ तलाव, कळकट भिंती, हे सगळं नाकात बसल्याशिवाय ते पाणी आपल्याला किळसवाणं वाटणार नाही, आणि हा सिनेमा पाण्याचा आहे. टब, तलाव, दारू, पाऊस, सगळीकडे पाणी.

शेवंती

मला क्रिस्तिनाबद्दल लिहायचंय. बहुतेक परीक्षणांत तिला बिचारी, दुबळी म्हणून सोडून देतात. पण बघा ना, ती धार्मिक आहे, घटस्फोट हे पाप म्हणून घेत नाही, आणि खुनाला मात्र तयार होते. वरवर हे न पटणारं आहे आणि निकोल तिला तसं जवळजवळ तोंडावर ऐकवते. मला मात्र हे अगदी खरं वाटलं. वर्षानुवर्षं घुसमटलेलं माणूस हिशोबाने वागत नाही. तिने स्वतःला बजावलेलं असतं की हे मी करत नाहीये, हे माझ्याकडून होतंय. टबाच्या प्रसंगात बुडवायचं काम निकोल करते, ती नजर फिरवून उभी. नंतर सगळ्यात जास्त भोगते मात्र तीच. निकोल चिडते, वैतागते, पण खचत कुठे नाही. क्रिस्तिनाचा चेहरा प्रत्येक प्रसंगात आणखी पांढरा पडत जातो, आणि रंग नसल्यामुळेच ते इतकं दिसतं. आर्मां तिरारचं छायाचित्रण आहे, शेवटच्या रात्रीचा तो बोळ आणि दाराखालची उजेडाची फट विसरता येत नाही.

व्हेरा क्लूझोने आयुष्यात फक्त तीन सिनेमे केले, तिन्ही नवऱ्याचे. आणि १९६० मध्ये ती खरोखरच हृदयविकाराने गेली, वय ४६. हे कळल्यावर मला तिची ती धाप ऐकवेना.

बोरूबहाद्दर

मूळ पुस्तकाविषयी थोडी भर घालतो. बुआलो-नार्सजाक ही फ्रेंच लेखकांची जोडी, त्यांची १९५२ ची कादंबरी यामागे आहे. कादंबरीत मामला निराळा आहे. तिथे एक फिरता विक्रेता आणि त्याची डॉक्टर प्रेयसी मिळून त्याच्या बायकोला मारतात. क्लूझोने ते फिरवून दोन बायका आणि एक पुरुष केलं आणि गोष्ट शाळेत नेली. पुस्तक वाचून मग सिनेमा बघितला तर लक्षात येतं की हा बदल किती मोठा आहे. पुस्तकातला नवरा आपल्याला जवळचा वाटत नाही, तो स्वार्थासाठी करतोय. सिनेमात मार खाणाऱ्या दोन बायका आहेत म्हणून आपण न विचारता त्यांच्या बाजूला जाऊन बसतो. तिसरी घंटा म्हणतायत ती आपल्याला गुन्ह्यात ओढण्याची करामत या बदलाशिवाय जमलीच नसती.

हिचकॉकलाही या कादंबरीत रस होता असं म्हणतात. ते काही असो, याच जोडीच्या दुसऱ्या एका कादंबरीवर त्याने १९५८ मध्ये व्हर्टिगो केला हे तर नक्की. आणि १९६० च्या सायकोत न्हाणीघर, ब्लॅक अँड व्हाइट, उशिरा येणाऱ्याला थिएटरात प्रवेश नाही, शेवट सांगू नका, हे सगळं बघितलं की क्लूझोची आठवण येतेच. कोण मोठा या वादात मला पडायचं नाही, दोघांचा पिंड वेगळा. हिचकॉक प्रेक्षकाशी खेळतो. क्लूझोला माणसांविषयी मुळातच फार कमी आशा आहे आणि ते त्याच्या प्रत्येक फ्रेममध्ये दिसतं.

निशाचर

बोरूबहाद्दर, पुस्तकाची माहिती नव्हती, धन्यवाद. संथपणाबद्दल माझं मत तिसरी घंटा यांच्या उत्तराने थोडं हललंय पण पूर्ण नाही. फिशे आल्यावर मात्र सिनेमाने माझी मान पकडली हे कबूल. शार्ल व्हानेलने केलेला तो निवृत्त पोलीस अधिकारी, चुरगळलेला कोट, बोलण्यात आजोबांचा सूर, कुणी न बोलावता प्रेतागारात क्रिस्तिनाला गाठतो आणि मदत करू का म्हणून मागे लागतो. नको म्हणायची सोय नाही, कारण नवरा हरवलेली बाई मदत नको म्हणेल तर संशय येईल. तो प्रत्येक वेळी एखादाच भाबडा प्रश्न विचारतो आणि निघून जातो. पुढे कितीतरी मालिकांमध्ये असे वेंधळे दिसणारे डिटेक्टिव्ह आले, पण इथे तो हसवायला नाहीये.

अर्धविराम

इशारा: इथून खाली शेवट फोडला आहे. सिनेमा बघितला नसेल तर वाचू नका.

मला शेवटाबद्दल बोलायचंच आहे. मिशेल मेलेलाच नसतो, तो आणि निकोल सुरुवातीपासून एकत्र असतात, आणि सगळा खेळ क्रिस्तिनाचं दुबळं हृदय बंद पाडून शाळा आणि पैसा लाटण्यासाठी असतो. टबातून तो पांढऱ्याफटक डोळ्यांनी उठून उभा राहतो ते दृश्य आजही तसंच अंगावर येतं, आणि त्यानंतर तो बोटांनी डोळ्यांवरचं ते आवरण काढतो ते मला जास्त भयंकर वाटतं, कारण तिथे भूत संपतं आणि माणूस सुरू होतो.

प्रश्न असा की हे तर्काला धरून आहे का? इतका वेळ टबात पाण्याखाली श्वास धरून राहायचं, मग ओल्या कपड्यांनी पेटाऱ्यात बसून इतका लांब प्रवास, वाटेत पेट्रोलपंपावर दारू प्यायलेला शिपाई गाडीत घुसायला बघतो, त्यानंतर रात्री तलावात. शिवाय क्रिस्तिना मधेच पोलिसांकडे गेली असती तर? मधेच तिने पेटारा उघडून बघितला असता तर? बेत फारच तकलादू आहे.

तिसरी घंटा

अर्धविराम, इशाऱ्याबद्दल आभार. तकलादू आहे हे मान्य, पण बेत ज्याच्यावर उभा आहे ती गोष्ट तकलादू नाही. तो क्रिस्तिनाच्या स्वभावावर उभा आहे. ती बघणार नाही, तिच्याने बघवणार नाही, हे निकोलला पक्कं माहीत आहे. टबाजवळ जे जे करायचं ते निकोल स्वतः करते, गुंगीचं औषधही तिच्याच हातचं. आणि पोलिसांकडे ती जाऊन सांगणार काय, मी नवऱ्याला मारलंय?

हे कळल्यावर सिनेमा पुन्हा बघा, आणि या वेळी फक्त निकोलकडे बघा. सिन्योरेने एकाच वेळी दोन भूमिका केल्यात. पहिल्यांदा बघताना ती धीराची मैत्रीण वाटते, क्रिस्तिनाला सावरणारी, दटावून उभी करणारी. दुसऱ्यांदा तेच वाक्य, तोच खांद्यावरचा हात, आणि आता कळतं की ती हिची नाडी बघतेय, अजून किती ताण सोसेल त्याचा अंदाज घेतेय. एकही प्रसंग बदललेला नाही. प्रेत नाहीसं झाल्यावर तिची जी चिडचिड आहे ती पहिल्यांदा घाबरल्याची वाटते, दुसऱ्यांदा तिच्यातला अभिनय दिसतो. शेवट माहीत असला की सस्पेन्स सिनेमाची मजा गेली असं म्हणणाऱ्यांसाठी माझं एवढंच म्हणणं की इथे तिच्यामुळे पुन्हा बघण्यात जास्त मिळतं.

शेवंती

+१. आणि मला तर आता सुरुवातीचा तो काळा चष्माही छळतोय. तिला खरंच मारलं होतं का, की तेसुद्धा क्रिस्तिनाला जवळ ओढण्यासाठी? सिनेमा सांगत नाही. मला वाटतं खरंच मारलं असेल. मिशेलसारखा माणूस बेतात सामील असलेल्या बाईलाही मारेल आणि ती तरीही त्याच्याबरोबर राहील, हे जास्त खरं आणि जास्त वाईट आहे.

बोरूबहाद्दर

आणि मोआने? शेवटचा प्रसंग कुणीच काढला नाही. तो पोरगा काच फोडतो, गलोल जप्त झाली आणि ती मुख्याध्यापकांनी केली असं शपथेवर सांगतो. सगळे त्याला खोटारडा ठरवून शिक्षा करतात. तो खरं बोलत होता, मिशेल जिवंत होता. आता सगळं संपल्यावर तोच मुलगा पुन्हा गलोल घेऊन येतो आणि म्हणतो की ती मला बाईंनी परत दिली. पुन्हा शिक्षा, पुन्हा कुणी विश्वास ठेवत नाही, आणि सिनेमा संपतो. आता याचं काय करायचं? माझ्या मते क्रिस्तिना जिवंत आहे, फिशेने सगळं ऐकून आधीच सापळा लावला होता, तो दोघांना पकडायला अगदी वेळेवर उगवतो ते काय उगीच?

अर्धविराम

मला ते पटत नाही. तिचा मृत्यू डोळ्यांसमोर दाखवलाय आणि फिशेच्या बोलण्यातही ती वाचल्याचं काही नाही. माझ्या मते क्लूझोला सगळी गोष्ट उलगडून झाल्यावर एक धागा मुद्दाम सुटा ठेवायचा होता. भूत नसतं हे आत्ता आत्ता सिद्ध केलं आणि लगेच, असेल का, असं विचारलं.

तिसरी घंटा

मी बोरूबहाद्दरांच्या बाजूने झुकतो, पण फिशेच्या सापळ्यामुळे नाही, मुलामुळे. अख्ख्या सिनेमात मोठी माणसं एकजात खोटं बोलतात, दोन्ही बायका, मिशेल, पोट भरतंय म्हणून गप्प बसणारे मास्तर. खरं बोललेला एकटा तो पोरगा. त्याने सांगितलं तेव्हा कुणी ऐकलं नाही आणि तो बरोबर निघाला. मग दुसऱ्यांदाही त्याच्यावर अविश्वास दाखवायला माझं मन होत नाही.

निशाचर

शेवटच्या चर्चेने पुन्हा बघावासा वाटायला लागलाय, निकोलवर नजर ठेवून बघतो आता. हॉलीवूडने १९९६ मध्ये शॅरन स्टोन आणि इझाबेल अजानी यांना घेऊन याचा रीमेक केला होता, शेवट बदललाय त्यात. कुणी बघितलाय का? घ्यावा का हाती?

शेवंती

मी बघितलाय, नका घेऊ हाती. रंग आला, पार्श्वसंगीत आलं, सगळं चकाचक झालं आणि पाण्याची ती किळस गेली. त्यापेक्षा क्लूझोचाच १९५३ चा वेजेस ऑफ फियर बघा, नायट्रोग्लिसरीन भरलेले दोन ट्रक खडबडीत रस्त्यांवरून न्यायचेत एवढीच गोष्ट आहे. सुरुवात तुम्हाला यापेक्षाही संथ वाटेल निशाचर, आधीच सांगून ठेवते, पण ट्रक निघाल्यावर उठता येणार नाही. व्हेरा त्यातही आहे.

तिसरी घंटा

त्यावर वेगळा धागा काढा शेवंती, तुम्हीच लिहा. इथे ज्यांनी अजून बघितला नाहीये आणि इशाऱ्याच्या वरूनच परत फिरलेत त्यांच्यासाठी एक सूचना, मूळ फ्रेंच आवाजातच बघा, खाली सबटायटल्स लावून. डब केलेल्या प्रतीत आवाज पुन्हा भरताना मागचे बारीक आवाज दबतात, आणि या सिनेमात तेच गेले तर फार काही उरत नाही. हेडफोन असतील तर लावा.